पाव नंबर

शिंप्याचं अर्धं तोंड नाहीसं झालं. तो समोरच्या खुर्चीत होता तसाच होता, नाकावर तपासणीची जड गोल चौकट, हनुवटी वर, फोटो काढायला बसल्यासारखा ताठ. पण नंबरबाईला त्याची अर्धीच मिशी दिसत होती, एकच कान दिसत होता, आणि उरलेल्या जागी काळोख म्हणावा तर काळोखही नव्हता. काहीच नव्हतं. तिने हातातली काच पुसली. मग दुसरी घेतली. दिव्याचा दोष असेल म्हणून मागे वळून पाहिलं, तर दिवाही अर्धाच, आणि त्याच्या कडेने करवतीच्या दात्यांसारखी एक वाकडीतिकडी रेघ लखलखत हळूहळू बाहेर सरकत होती. डोळे मिटले तरी ती रेघ तिथेच. उभा जन्म लोकांना ‘हे बरं की हे बरं’ विचारण्यात गेला, आणि आता स्वतःलाच विचारायची पाळी आली तर उत्तर येईना. ‘खालची ओळ वाचा,’ असं ती म्हणायला गेली आणि तोंडातून निघालं, ‘खालची... खालची वाटी वाचा.’ शिंपी हसला. ‘वाटी? बाई, आज लक्ष कुठे आहे तुमचं? का तुमचाच नंबर वाढला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.’ तिलाही हसू आलं, म्हणजे अर्ध्या ओठाला आलं. उरलेला अर्धा बधिर झाला होता आणि त्याच बाजूची बोटंही. आडोशामागून काचवाले ओले हात पुसत बाहेर आले. काचवाले म्हणजे तिचा नवरा. गिऱ्हाइकांचे नंबर ती काढायची, काचा ते घासायचे, आणि गल्लीने दोघांची बारशी परस्पर उरकून टाकली होती. खरी नावं दुकानाच्या परवान्यावर उरली होती तेवढीच. ‘काय गं?’ त्यांनी विचारलं. ‘काही नाही. डोकं येतंय.’ एवढं पुरे होतं. त्यांनी तिच्या हातातली काच काढून घेतली, शिंप्याला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि तपासणीच्या खोलीतला दिवा मालवून दार इतक्या हलक्या हाताने लोटलं की कडीसुद्धा वाजली नाही.

डोकं दुखतंय, असं तिच्या माहेरी कुणी म्हणतच नसे. डोकं यायचं. पाहुणा येतो तसं, आणि आलं की घराने त्याच्या मर्जीने वागायचं. त्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर डोकं मागे टाकून ती बसली, आणि ती लखलखती रेघ पसरत पसरत एकदाची नजरेच्या बाहेर गेली तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले. तेवढ्यात उजव्या डोळ्यामागे पहिला ठोका पडला. हे मात्र ओळखीचं होतं. ठोका, मग थोडा दम, मग ठोका, मग पोटातून वर येणारी ती मळमळ, शिंप्याच्या केसांच्या तेलाचा खोलीत रेंगाळलेला वास आता असह्य होत जाणारा, दाराच्या फटीतून येणारी उजेडाची बारीक पट्टी सुईइतकी टोचणारी. बाहेर काचवाले शिंप्याशी कुजबुजत होते. कुजबुज तिला पाठ होती. लहानपणी शाळेतून यायचं आणि उंबऱ्यातच बाबांचं बोट ओठांवर दिसायचं: ‘आईचं डोकं आलंय.’ की लगेच चपला हातात. दादा रेडिओचा कान पिळून तो बंद करायचा. भांडं ओट्यावर ठेवायचं तर आधी आपली करंगळी खाली ठेवायची आणि मग ती हळूच काढून घ्यायची, म्हणजे आवाज होत नाही. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. येणारीजाणारी मंडळी म्हणायची, किती समजूतदार घर हो, नाहीतर आमच्याकडे मेलं तरी कुणी गप्प बसत नाही. मावशी चेष्टा करायची, ‘ज्याला डोकं असतं त्याचंच दुखतं बाई, आम्हाला कुठलं ते भाग्य?’ आणि आई दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन, केस विंचरून, कुठल्याशा गावाला जाऊन आल्यासारखी स्वयंपाकघरात उभी असायची. कुठे गेली होती, तिथे काय होतं, कुणी विचारत नसे. ती आली, हेच पुष्कळ.

एक दिवस आली नाही. नंबरबाई तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टी होती, सगळे घरात होते. आई मोरीशी उभी होती, हातात ताट होतं, आणि तिने एकदम मानेमागे हात नेला. ओरडली नाही. ‘आजचं वेगळं आहे गं,’ एवढंच म्हणाली, आणि ताट तिने नीट खाली ठेवलं, आवाज न करता, कारण तीही त्याच घरातली. बाबा म्हणाले, ‘पड जरा. आम्ही आवाज करत नाही.’ आणि त्यांनी शब्द पाळला. सगळ्यांनीच पाळला. डोक्याला ओलं फडकं बांधलं, दार लोटलं, आणि अख्खी दुपार त्या घरात कुणी पाण्याचा पेलासुद्धा वाजवला नाही. दिवेलागणीला दादा फडकं बदलायला आत गेला. पुढचं ती कधी आठवत नसे. आठवण दारापाशी आली की ती तिथूनच वळायची. पुढे पुष्कळ वर्षांनी कुणी डॉक्टर कुठल्याशा लग्नात म्हणाले होते, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असेल, आणि तिने ‘हो का’ म्हणून पान वाढून घेतलं होतं.

तिचं स्वतःचं डोकं त्यानंतर दोनेक वर्षांनी सुरू झालं. त्याला ती आईचं नाव कधीच लावू द्यायला तयार नव्हती. तिच्या नशिबाने धंदाच असा मिळाला की सबब आयती सापडली. दुकानात निम्मी माणसं डोकं धरूनच येतात, आणि त्यांतल्या काहींचं खरोखर नंबर निघाला की थांबतं. पुस्तक लांब धरणारी आजी, सुई ओवताना कपाळाला आठ्या घालणारी बाई, काच लावली की त्यांच्या आठ्या जागच्या जागी उलगडतात. काय सुख असतं ते बघण्यात! मग आपलंही तसंच असणार. आता या धंद्यात एक रीत आहे, निदान त्या दुकानात होती: स्वतःचा नंबर स्वतः काढायचा नाही. न्हावी आपले केस आपण कापत नाही, तसंच. म्हणून डोकं येऊन गेलं की ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायची, काचवाले समोर काचा बदलत जायचे, ‘हे बरं की हे?’ ती तक्ता वाचायची, आणि ते म्हणायचे, ‘पाव वाढलाय.’ मग ते आडोशामागे जायचे आणि चाकाची घरघर सुरू व्हायची. संध्याकाळपर्यंत नवा चष्मा. आणि गंमत अशी की त्यानंतरचे काही दिवस खरंच बरे जायचे! जुने चष्मे खणात साठत गेले. ओळखीचे लोक म्हणायचे, बाई दुकान चालवतात की स्वतःचं प्रदर्शन मांडतात? तीही हसायची. मात्र अलीकडे ते बरे दिवस आखडत चालले होते, आणि त्यांच्या जागी एक जडसर, बिनचेहऱ्याचं दुखणं रोजच येऊन बसायला लागलं होतं, म्हणून ती औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी सकाळच्या चहाबरोबरच घ्यायला लागली होती, डोकं उठायच्या आधीच, लाच दिल्यासारखी. एक पाकीट पर्समध्ये, एक गल्ल्याच्या खणात, एक उशीच्या अभ्र्यात. कुणी पाहिलंय, असं तिला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा डोकं उतरलं होतं. पण ते अर्धं तोंड मनातून जाईना. रस्त्यात माणसं येत होती आणि ती प्रत्येकाचे दोन्ही कान मोजत होती. वाटी. ओळ म्हणायचं तर वाटी का म्हणाली ती? शब्द समोर दिसत होता आणि हात पोचत नव्हता. आईचा शब्द शेवटपर्यंत नीट होता. ‘आज बघूया का नंबर?’ काचवाल्यांनी विचारलं, आणि ती सवयीने खुर्चीत जाऊन बसली. तक्ता तिने वरपासून खालपर्यंत वाचला. अगदी शेवटची ओळ, जी वाचणारं माणूस महिन्यातून एखादं येतं, तीसुद्धा तिने वाचली. काचवाल्यांनी दोनतीन काचा इकडच्या तिकडे केल्या आणि म्हणाले, ‘पाव वाढलाय.’ म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, काचांच्या पेटीकडे बघत होते. ‘सगळं तर वाचलं की मी,’ ती म्हणाली. ‘पाव म्हणजे काय, वाऱ्याचा फरक,’ ते म्हणाले आणि आडोशामागे गेले. घरघर सुरू झाली. ती तशीच बसून राहिली. मग उठली, खण उघडला, आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं: वरचा चष्मा घेऊन नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. मग त्याच्या खालचा. मग तपकिरी फ्रेमचा, जो घालून ती भाच्याच्या मुंजीला... छे, कशाला गेली होती कोण जाणे. मग काळा, मग बिनफ्रेमचा, मग काडी मोडलेला. यंत्राची सुई दर वेळी एकाच जागी येऊन थांबत होती. तिला आधी वाटलं यंत्र बिघडलं. म्हणून शिंप्याचा तयार चष्मा धरून पाहिला, तर सुई भलतीकडेच गेली. यंत्र धडधाकट होतं.

‘अहो, जरा इकडे या.’

चाक थांबलं. काचवाले आले आणि त्यांनी टेबलावर मांडलेले चष्मे पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आव आणला नाही, एवढं मात्र खरं.

‘हे सगळे एकाच नंबराचे आहेत,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘सगळे?’

‘खणात तळाशी असलेले पहिले दोन सोडून. तुझा नंबर कधीचाच थांबलाय.’

‘आणि ते पाव?’

‘पाव कुठला.’ ते स्टुलावर बसले. ‘नवी काच लावली की तुझा चेहरा जरा सैल पडायचा. थोडे दिवस का होईना, बरी असायचीस. मला दुसरं येतं काय? काच घासता येते, ती घासत होतो.’

‘म्हणजे हे डोळ्यांचं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.’

‘ठाऊक होतं.’

‘मग कशाचं आहे, ते कधी विचारावंसं वाटलं नाही?’

त्यांनी एक चष्मा उचलला, नसलेली धूळ पुसली. ‘तुझ्या आईचं तूच सांगितलं होतंस. लग्न झालं त्या वर्षी, एकदाच. त्यानंतर छाती झाली नाही बघ. म्हटलं, विचारलं आणि तेच निघालं तर?’

तिला राग आला. असा तसा नाही, सणसणीत आला. हा माणूस गिऱ्हाइकाला पाव इकडचा तिकडे देणार नाही, एक काच बिघडली तर पदरची दुसरी घालेल, आणि घरच्या माणसाशी ही बनवाबनवी! पण रागाला बसायला जागा मिळेना. यंत्र तिच्या हाताखाली होतं. रोज त्याच्याशी तिचाच संबंध. खण उघडायला किती वेळ लागतो? तिलाही बघायचं नव्हतं म्हणून तिने बघितलं नव्हतं. एकाने घासायचं आणि दुसरीने नाकावर ठेवायचं, दोघांनी मिळून केलेली कारागिरी होती ही. आणि ती करता करता दोघंही बाबांसारखी झाली होती, प्रेमळ, समजूतदार, बिनआवाजी.

‘यावेळचं वेगळं आहे,’ ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. ‘काल शिंप्याचं अर्धं तोंड दिसत नव्हतं मला. शब्द सापडत नव्हता. ओठ बधिर झाला होता.’

काचवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि तरी, सवय बघा माणसाची, ते म्हणाले, ‘तू पड जरा. मी शटर अर्धं...’

‘नाही. पडायचं नाही मला. आणि तुम्ही गप्प राहायचं नाही. डॉक्टरकडे चला.’

नेहमीचे डॉक्टर तिला कधी सर्दी झाली तरी दोन विनोद सांगून पाठवायचे. त्या दिवशी त्यांनी एकही सांगितला नाही. म्हणाले, पन्नाशीला आल्यावर डोकेदुखीने अशी नवी चाल धरली, नजर गेली, जीभ अडखळली, तर अंदाज बांधत बसायचं नसतं, मेंदूच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. मेंदूच्या डॉक्टर म्हणजे तिच्याच वयाच्या एक बाई निघाल्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि तो वर सरकवता सरकवता त्या प्रश्न विचारत होत्या. नाकावरचे टेकू जरा आत दाबले की झालं, एक मिनिटाचं काम, असं नंबरबाईला वाटत राहिलं. भीतीत माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. कुठून सुरू होतं? ठोके की नुसतं जड? उलटी? उजेड सहन होतो? महिन्यातून किती दिवस डोकं अगदी शांत असतं? या शेवटच्या प्रश्नाला ती थांबली. तसा दिवस तिला आठवेना. काचवाले शेजारी बसून ऐकत होते, आणि उजव्या डोळ्यामागे, मग कानामागे, मग दातांत, असं ती सांगत गेली तसे तिच्याकडे वळून बघत होते. इतकी वर्षं एका उशीशेजारी काढून हे काही त्यांना माहीत नव्हतं. ‘गोळ्या घेता का काही?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘क्वचित,’ ती म्हणाली. ‘रोज,’ काचवाले म्हणाले. ‘उशीच्या अभ्र्यात असतात.’ तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी उठून गेला असता. ‘ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?’ ते हळूच म्हणाले, पण म्हणाले. ‘आणि घरात कुणाला होतं असं?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘नाही,’ ती ताडकन म्हणाली. ‘कुणाला नाही.’ या वेळी काचवाले काही बोलले नाहीत. ते सांगणं तिचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या, मेंदूचा फोटो काढणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात, कानांवर ठकठक आदळत असताना, तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि पहिल्यांदा ती दारापाशी येऊन वळली नाही. फडकं, दादाची पाठ, बाबांच्या हातातला पेला, सगळं दिसलं. अहवाल मिळेपर्यंतचे दिवस दोघांनी दुकानात कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. काचवाले एका बाईच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवून मोकळे झाले. ती मात्र आईच्या वयाचा हिशेब करत होती, आणि तो हिशेब आपल्याशी जुळतो हे कळल्यावर तिने तो सोडून दिला.

‘गाठ नाही, रक्तस्राव नाही, वाहिन्या ठीक आहेत,’ मेंदूच्या डॉक्टर म्हणाल्या. काचवाल्यांनी टेबलाची कड धरली. ‘मायग्रेन आहे हे. जुनी माणसं अर्धशिशी म्हणायची ती. अर्धं तोंड दिसेनासं झालं, शब्द अडला, तेही तिचंच सोंग. पण तुमच्या वयात ते पहिल्यांदा आलं, म्हणून पाहावं लागलं. बरं केलंत आलात. आणि ते रोजचं जड डोकं आहे ना, ते तुमच्या गोळ्यांचं. सारखी घेतली की गोळीच डोकं उठवायला लागते. ती सोडायची. सोडताना थोडे दिवस वाईट जातील, मग उतरेल. डोकं येऊच नये म्हणून मी वेगळं औषध देते.’ मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आवाज बदलला. ‘एक मात्र दोघांनी लक्षात ठेवा. एका क्षणात, जन्मात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, किंवा ताप येऊन मान ताठली, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडलं ते सुटलंच नाही, तर त्या दिवशी पडून राहायचं नाही. माझीही वाट बघायची नाही. सरळ इस्पितळ.’

एका क्षणात. मोरी, ताट, मानेमागे गेलेला हात. सुटका झाली होती तिची, आत्ताच तर झाली होती, आणि छाती भरून यायला हवी होती, तर ती तिथे भलत्याच घरात, भलत्याच दुपारी उभी होती.

‘मागच्या वेळी मी खोटं सांगितलं,’ ती म्हणाली. ‘आईला होतं. जन्मभर होतं. आणि शेवटी एका दिवशी... तुम्ही आत्ता म्हणालात तसं.’ मग तिने विचारलं, ‘तिला आणलं असतं कुणाकडे, तर?’

‘शेवटच्या दिवसाचं मला सांगता येणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘ते दुखणं वेगळं असावं, आणि त्यात वेळेवर पोचूनही कधी कधी हाती काही लागत नाही. पण आधीची सगळी वर्षं? त्यावर तेव्हाही काही ना काही होतं. सगळं नसतं थांबलं, कमी झालं असतं.’ त्यांनी पेन उचललं. ‘लिहून घेते. कसं दुखायचं त्यांचं? एका बाजूला की सगळीकडे?’

नंबरबाईने तोंड उघडलं. तिला सगळं येत होतं. दार किती लोटायचं, फडकं कितीदा पिळायचं, बाबा कुठल्या पायरीवर चपला काढायचे, दादाने रेडिओवरचं काय काय अर्ध्यात तोडलं, ओट्यावर भांडं कसं टेकवायचं. ती शोधत राहिली. आईच्या कपाळाची कुठली बाजू? ठोके की नुसतं जड? आईला रेघ दिसायची का? तिचं अर्धं जग कधी नाहीसं झालं असेल का, आणि तेव्हा ती कुणाला काय म्हणाली असेल?

‘माहीत नाही हो,’ ती म्हणाली. ‘आम्ही सगळे घरातच होतो. पण तिला कधी कुणी विचारलंच नाही.’

रडलं की डोकं उठतं, म्हणून ती कित्येक वर्षांत रडली नव्हती. आता ती रडायला लागली, मोठ्याने, बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशी, आणि काचवाल्यांनी तिला गप्प राहा म्हटलं नाही.